सीलंटच्या पहिल्या आणि दुसऱ्या हातात किती तासांचं अंतर ठेवावं?

काळी_सेदान
नमस्कार मंडळी. गाडी पुण्यातली, काळी सेदान, पाच वर्षं जुनी. सोसायटीत इमारतीखालचं पार्किंग आहे. वर छत, बाजूंनी उघडं. धुणं, क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारी चिकणमाती) फिरवणं आणि हलकं पॉलिश झालं आहे. आता पॉलिमर सीलंटचे, म्हणजे रंगावर बसणाऱ्या संरक्षक थराचे, दोन हात द्यायचे आहेत. सीलंट दुधासारखं पातळ आहे, फोमच्या पॅडने लावायचं. फवाऱ्याचं नाही.

घोळ दोन हातांमधल्या वेळेचा आहे. बाटलीवर लिहिलंय की लावून २० ते ३० मिनिटं सुकू द्या, पुसा आणि दुसरा हात १२ तासांनी द्या. ॲक्सेसरीजच्या दुकानात म्हणतात, पुसून झालं की लगेच दुसरा मारा. व्हिडिओंमध्ये कुठे एक तास सांगतात, कुठे २४.

तर हे १२ तास मोजायचे कुठून, लावल्यापासून की पुसल्यापासून? परतीचा पाऊस चालू आहे, हवा दमट आहे, म्हणून वेळ वाढवायचा का? मधल्या वेळात धूळ बसली तर काय? तिसऱ्या हाताने काही फरक पडतो का? दसऱ्याला गाडीची पूजा आहे, त्याआधी सगळं उरकायचं आहे.

पाना_बारा
बाटलीवरचे १२ तास बरोबर आहेत, पण सध्याच्या हवेत ते कमीत कमी समजा. लगेच दुसरा हात मारण्याचा सल्ला सोडून द्या.

सीलंटचं वाळणं दोन टप्प्यांत होतं आणि सगळा गोंधळ हे दोन टप्पे एकच समजल्यामुळे होतो. लावल्यावर आधी त्यातलं द्रावक आणि पाणी उडून जातं आणि पत्र्यावर पांढुरकी साय धरते. त्याला २० ते ३० मिनिटं लागतात. ती साय म्हणजे जास्तीचं, पुसून टाकायचं द्रव्य. खरं सीलंट तिच्या खाली, रंगाला चिकटून राहिलेलं असतं. ते रंगावर घट्ट बसायला आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतायला पुढे कित्येक तास लागतात. तुम्ही साय पुसता तेव्हा हा दुसरा टप्पा नुकता सुरू झालेला असतो.

आता लगेच दुसरा हात दिला तर काय होतं ते पाहा. पहिला हात ज्या द्रावकात कालवलेला होता, तेच द्रावक दुसऱ्यातही आहे. अर्धवट बसलेला पहिला थर त्यात पुन्हा विरघळतो, आणि पुसताना फडक्याबरोबर दोन्ही निघतात. मेहनत दोन हातांची आणि गाडीवर राहतो जेमतेम एक. शिवाय थोडं द्रावक आत अडकून राहतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात तेलकट ढग दिसतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ते लपतात, काळ्या गाडीवर लपत नाहीत.

१२ तास शेवटचा भाग पुसून झाल्यापासून मोजा. सोपा हिशेब म्हणजे आज दुपारपर्यंत पहिला हात, उद्या त्याच सुमाराला दुसरा. मध्ये रात्र जाऊ दिली की १२ की १५ हा प्रश्नच उरत नाही.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. वाट पाहण्याला खालची मर्यादा आहे, वरची नाही. सीलंटचा दुसरा हात दोन दिवसांनी दिला काय किंवा आठवड्याने दिला काय, तेवढाच बसतो, फक्त पत्रा स्वच्छ हवा. त्यामुळे शंका असेल तिथे थांबा. घाईने नुकसान होतं, उशिराने होत नाही.

साय पुसायची वेळ घड्याळावर ठरवू नका. बोट स्वच्छ आणि कोरडं करून सायीवरून हलकंच ओढा. बोटाखाली चकचकीत, मोकळी रेघ उमटली आणि कडेला भुकटी सुटली तर सीलंट तयार आहे. रेघ फरकटली, तेल फासल्यासारखी दिसली, तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहा. हवा कोरडी असेल तर २० मिनिटांत होतं, पावसाळी हवेत ४५ मिनिटं ते तासभरही लागतो. बोट नेहमी सगळ्यात शेवटी लावलेल्या भागावर ओढा. तो तयार असेल तर बाकीचे असतातच.

बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र वेळ नाही, जाडी आहे. सेदानच्या एका हाताला २० ते २५ मि.ली. सीलंट पुरतं. ४७३ मि.ली.ची बाटली म्हणजे साधारण वीस हात. पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब घ्या आणि त्यात अख्खा दरवाजा करा. काचेवर तोंडाची वाफ सोडल्यावर जेवढं धुकं येतं, तेवढंच पत्र्यावर दिसलं पाहिजे. पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसत असतील तर जास्त लागलंय. जाड थर वरून सुकतो आणि खालून ओला राहतो, मग १२ तासही पुरत नाहीत.

पत्रा गार हवा. उलटा हात टपावर पाच-सात सेकंद ठेवून पाहा, सहज ठेवता आला पाहिजे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेट उघडं ठेवून तासभर जाऊ द्या. टप गार असतो, पण इंजिनच्या उष्णतेने बॉनेट तापलेलं असतं, आणि तिथे द्रावक इतक्या झपाट्याने उडतं की सीलंट पसरायच्या आधीच आकसतं. उन्हात तर लावूच नका. उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो.

खारा_वारा
रत्नागिरी पट्ट्यातल्या गाड्यांच्या अनुभवावरून दमटपणाबद्दल थोडं. पाना_बारा यांच्याशी सहमत आहे, पण दमट हवेत वेळ वाढवा, हे सरसकट लागू होत नाही. सीलंट कशाचं आहे ते आधी पाहायला हवं.

तुमचं दुधाळ सीलंट म्हणजे पाणी आणि द्रावक यांत घुसळलेला पॉलिमर. हवेत ८०-८५ टक्के आर्द्रता असेल तर त्यातलं पाणी उडायला फारशी जागा नसते. साय धरायला दुप्पट वेळ जातो आणि पुढचं बसणंही लांबतं. अशा हवेत दोन हातांमध्ये सरळ २४ तास ठेवा.

सिलेनवर (सिलिकॉनच्या एका संयुगावर) आधारलेल्या कोटिंगांचं उलट आहे. ती हवेतल्या ओलाव्याशी क्रिया होऊनच कडक होतात, त्यामुळे दमट हवेत लवकर बसतात आणि फार वेळ ठेवली तर पुसून निघत नाहीत. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की घात होतो. व्हिडिओत एक तास सांगणारे बहुधा या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलत असतात.

पार्किंग बाजूंनी उघडं आहे म्हणालात, म्हणून दवाचंही पाहा. निरभ्र रात्री उघड्यावरच्या गाडीचा टप आणि बॉनेट आकाशाकडे उष्णता टाकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात, म्हणून दव सर्वांत आधी तिथे जमतं. तुमच्या डोक्यावर स्लॅब आहे, त्यामुळे टप वाचेल. पण गाडीचं नाक बाहेर डोकावत असेल तर पहाटे बॉनेटच्या पुढच्या भागावर थेंब दिसतील. पहिल्या रात्री गाडी शक्य तेवढी आत, भिंतीकडे घ्या.

आणि रात्री कव्हर घालू नका. धुळीपासून वाचेल असं वाटतं, पण ओलसर हवा आत कोंडते, आणि कव्हर वाऱ्याने हलतं तेव्हा अजून न बसलेल्या थरावर घासतं.

पावसाचे शिंतोडे आलेच तर घासून पुसू नका. मऊ मायक्रोफायबर वरून नुसतं टेकवून पाणी टिपून घ्या. पावसाचं पाणी त्यातल्या त्यात बरं. बोअरचं पाणी वाईट, ते वाळलं की क्षारांचे गोल डाग राहतात आणि न बसलेल्या सीलंटमध्ये ते रुततात.

फडकं_आणि_बादली
एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसायला कोणी येत असेल तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की पहिल्या हाताच्या दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या हातानंतर दोन दिवस गाडीला हात लावू नका. पहाटे सहाला बोअरच्या पाण्याची बादली आणि दहा गाड्या पुसलेलं फडकं टपावरून फिरलं, की आदल्या दिवशीचं सगळं वाया. तोंडी सांगून विसरायला होतं, म्हणून काचेवर आतून कागद लावा.

मधल्या धुळीबद्दल. कोरड्या फडक्याने झटकू नका, बारीक रेघा तिथेच पडतात. घरात पानं उडवायचा किंवा कॉम्प्युटर साफ करायचा ब्लोअर असेल तर त्याने उडवा. त्याने भागणार नसेल तर पूर्ण २४ तास जाऊ द्या, सौम्य शाम्पूने गाडी धुवा, नीट कोरडी करा आणि मग दुसरा हात द्या. २४ तासांनी पहिला हात अशा धुण्याला पुरून उरतो. त्याआधी शाम्पू मात्र नको.

दोन हातांच्या मध्ये आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवायचं नाही. ते एकदाच, पहिल्या हाताच्या आधी. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं २५० मि.ली. आयसोप्रोपिल आणि ७५० मि.ली. बॅटरीचं (क्षार काढलेलं) पाणी, एवढं मिश्रण पुरे. पॉलिशमधली तेलं त्याने निघतात. ती राहिली तर सीलंट रंगाला न धरता तेलाला धरतं आणि तीन-चार धुण्यांत निघून जातं. पहिल्या हातावर तेच फिरवलंत तर आदल्या दिवशीचं काम अर्धंअधिक पुसून टाकता. मध्ये क्लेही नको, आणि पॉलिश-कम-सीलंट प्रकारचं काही तर नकोच. त्यात घासणारी पूड असते, दुसऱ्या हाताने पहिला खरवडला जातो.

थर_मोजणारा
तिसऱ्या हाताबद्दल.

कंपनीतून येणाऱ्या गाडीवर सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. सीलंटचा पुसून उरलेला थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. वर्कशॉपमधलं रंगाची जाडी मोजणारं यंत्र अख्खे मायक्रॉन दाखवतं आणि त्यातही एक-दोनचा फरक पडतोच, त्यामुळे सीलंटचे पाच हात दिले तरी त्या आकड्यावरून काही कळत नाही. थरावर थर चढवून गाडीला कवच होतं, ही समजूत चुकीची आहे. पहिला हात बसल्यावर दुसऱ्याला धरायला रंगाची जागा फारशी उरलेली नसते.

मग दुसरा हात कशासाठी? सुटलेल्या जागांसाठी. हाताने लावताना जागा सुटतातच, आणि त्या ठरलेल्या असतात: दरवाजाच्या कडीमागची खोबण, आरशाचा बुंधा, टपाचा मधला पट्टा जिथे हात पुरत नाही, बॉनेटची पुढची कड, पेट्रोलच्या झाकणाची किनार, दरवाजांचा गुडघ्याखालचा भाग. म्हणून पहिला हात गाडीच्या लांबीला समांतर द्या आणि दुसरा आडवा. पहिल्यात सुटलेला पट्टा दुसऱ्यात भरतो. हे नीट झालं तर तिसरा हात म्हणजे नुसतं सीलंट खर्च करणं. तेच २५ मि.ली. चार महिन्यांनी लावा, तेव्हा उपयोग होईल.

अंतराबाबत एक खरा अपवाद आहे. झायनोचं झेड-२ हे अमेरिकी सीलंट झेडएफएक्स नावाचा वेगवर्धक मिसळून लावतात, आणि त्यात २४ तासांत तीन हातांपर्यंत देता येतात. तिथे वेळ वाचतो तो वेगवर्धकामुळे. साध्या बाटलीला तो हिशेब लागू होत नाही.

सिरॅमिक कोटिंगमध्ये पाना_बारा यांचं वरची मर्यादा नाही हे वाक्य लागू होत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. पहिला थर पूर्ण कडक झाला की तो दुसऱ्याला धरू देत नाही. द्रव पत्र्यावर पसरायच्या ऐवजी गोळ्या होऊन सरकतो. म्हणून त्यात दुसरा थर द्यायची वेळ दोन्ही बाजूंनी बांधलेली असते, आणि ती ज्या-त्या बाटलीवरच वाचायची.

दुकानात ज्याला टेफ्लॉन कोटिंग म्हणतात तेही बहुतेक वेळा पॉलिमर सीलंटच असतं. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, ते काही गाडीच्या रंगावर भाजून बसवता येत नाही. त्यामुळे नाव टेफ्लॉन असलं तरी दोन हातांमधलं थांबणं चुकत नाही.

काळी_सेदान
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी पहिला हात दिला. दोन अडचणी आल्या.

टपाच्या मागच्या भागात साय पुसताना चिकट लागली, आणि आता टॉर्च तिरका धरला की तेलकट पट्टे दिसतात. बाकी गाडी स्वच्छ पुसली गेली. दुसऱ्या हाताने हे पट्टे झाकले जातील का?

दुसरं, हे आधीच लिहायला हवं होतं. मागचा बंपर तीन आठवड्यांपूर्वी रंगवून घेतला आहे. त्याला अजून सीलंट लावलेलं नाही. लावू का?

पाना_बारा
बंपर थांबवलात हे फार चांगलं केलंत. त्याला आत्ता लावू नका.

कारखान्यात गाडीचा रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे नव्या गाडीला डिलिव्हरीच्या दिवशीही सीलंट चालतं. गॅरेजमधला रंग वेगळा. तो हार्डनर मिसळून मारतात आणि बूथ (रंग भाजायची बंद खोली) असेल तर ६० अंशांच्या आसपास अर्धा तास भाजतात, नाहीतर नुसता हवेवर सुकवतात. वरून कडक लागतो, पण आतलं द्रावक पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतं. त्यावर सीलंटचं झाकण घातलं तर ते कोंडतं. रंग मऊ राहतो, झाक उतरते, काही वेळा बारीक फोड येतात.

बूथमध्ये भाजला असेल तर किमान ३० दिवस, हवेवर सुकवला असेल तर ६० ते ९० दिवस. कसा सुकवला ते रंगवणाऱ्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर ९० धरा. तोवर फक्त पाणी आणि सौम्य शाम्पू. आयपीएही त्यावर फिरवू नका, कोवळा रंग त्याने मऊ पडतो. पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र संध्याकाळची वाट न पाहता लगेच भिजवून काढा, कारण त्या जागेला दुसरं कसलंही संरक्षण नाही. आणि गाडीला दुसरा हात देताना बंपरच्या कडेला मास्किंग टेप नका लावू. टेप ताज्या रंगाची कड उचलू शकते. बंपरपासून दोन बोटं आधीच पॅड थांबवा.

आता टप. दुसऱ्या हाताने पट्टे झाकले जाणार नाहीत, उलट आतच राहतील. आधी ते काढा. आजच करत असाल तर पद्धत अगदी सोपी. पॅडवर वाटाण्याएवढं ताजं सीलंट घ्या, फक्त त्या पट्ट्यांवर पसरा, आणि वाळू न देता दुसऱ्याच क्षणी स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. ताजं द्रावक खालचं चिकट सीलंट सोडवतं आणि फडकं ते उचलतं. दुसरा हात लगेच दिला की पहिला निघतो असं वर लिहिलं, त्याच गुणाचा इथे उपयोग करून घ्यायचा. पुसल्यावर टॉर्च तिरका धरून पुन्हा पाहा. त्या भागाचे २४ तास आता नव्याने सुरू झाले, म्हणून उद्या बाकी गाडी तयार वाटली तरी टप शेवटी घ्या, किंवा परवा घ्या.

उद्यावर गेलं तर वेगळं करा. मायक्रोफायबर बॅटरीच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्या ओलसर फडक्याने पट्टे पुसा आणि लगेच कोरडं करा. त्यानेही नाही हललं तर तेवढ्या भागावर आयपीए फिरवून तो भाग पहिल्यापासून करा.

टपालाच असं का झालं? टपाला हात पुरत नाही म्हणून आपण पॅडवर जास्त सीलंट घेतो आणि एका दमात लांबवर ओढतो, त्यामुळे मागे जाड पट्टा राहतो. तिथे छोटं स्टूल घ्या आणि दोन-दोन फुटांचे चौकोन करा. फडकंही तपासा. सायीने भरलेली घडी पुढे पुसत नाही, नुसती फासते. ३०० ते ४०० जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) फडक्याच्या चौपट घडीला आठ बाजू मिळतात. दर भागाला बाजू बदला आणि निम्मी गाडी झाली की फडकं बदला. ती फडकी धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो, मग फडकं ओढून घेत नाही आणि पत्र्यावर रेघा उठतात.

खारा_वारा
आणखी एक पाहून ठेवा. काही सीलंटांना घाम येतो. दुपारी लखलखीत पुसलेला पत्रा संध्याकाळी पुसट दिसतो, जणू कोणी त्यावर श्वास सोडलाय. आत राहिलेलं तेल हळूहळू वर येतं म्हणून तसं होतं, आणि दमट हवेत हमखास होतं. घाबरू नका. चार-सहा तासांनी स्वच्छ कोरड्या फडक्याने, जोर न देता, एक फेरी मारा. हे धूळ बसायच्या आत करा. ती पुसट झाक तशीच ठेवून दुसरा हात दिला तर पट्टे उठतात.

दुसऱ्या हाताला गाडी तयार आहे की नाही, हे पाहायला बॉनेटचा एक कोपरा घ्या. घडी केलेलं फडकं तिथे स्वतःच्या वजनाने सरकवा. ते अडखळत नसेल आणि मागे झाक राहत नसेल तर सुरू करा. चिकटून थांबत असेल तर अजून अर्धा दिवस. वेळ वाचवायला हेअर ड्रायर किंवा हीट गन लावू नका. एकाच जागी उष्णता बसते आणि कडा वेगळ्या दिसतात. भिंतीकडे तोंड करून टेबलफॅन ठेवला, हवा नुसती खेळती राहिली, तर तेवढं पुरतं. फॅन थेट गाडीवर रोखला तर पार्किंगमधली धूळ उडून पत्र्यावरच बसते.

फडकं_आणि_बादली
पूजेचं राहिलं. दुसरा हात पूजेच्या आदल्या दिवशी देऊ नका, मध्ये निदान दोन दिवस ठेवा. पहिले २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, आणि पूजेत पाणी, गंध, अक्षता सगळंच लागतं.

बॉनेटवर स्वस्तिक काढायचं तर कुंकू पाण्यात कालवून बोटाने काढा, तेलात कालवलेलं नको. तेलातलं कुंकू पसरतं आणि सीलंटमध्ये झिरपतं. त्याच संध्याकाळी काढा. आधी पाणी ओतून कुंकू आणि अक्षता वाहून जाऊ द्या, मगच शाम्पूचा हात लावा. कोरडं कुंकू फडक्याने घासलं तर त्यातली पूड पॉलिश पेपरासारखं काम करते, आणि काळ्या बॉनेटवर स्वस्तिकाच्या आकाराचा ओरखडा कायमचा राहतो. मागच्या बंपरवर हळदकुंकवाचं बोटही लावू नका; उघड्या कोवळ्या रंगात हळदीचा पिवळा डाग उतरतो.

झेंडूचा हार सुती दोऱ्याने बांधा. फुलवाले तार वापरतात. तिचं टोक जाळीच्या कडेला किंवा बॉनेटच्या ओठाला घासतं, आणि गाडी हलली की रेघ पडते. नारळ टायरपासून दूर फोडा. पाणी उडालंच तर त्यात साखर असते, चिकटून वाळायच्या आत साध्या पाण्याने धुऊन घ्या. बोअरचं पाणी वापरलंत तर लगेच टिपून कोरडं करा.

काळी_सेदान
टपावरचे पट्टे ताज्या सीलंटने निघाले, टॉर्चखाली आता काही दिसत नाही. उरलेल्या गाडीला उद्या दुपारी आडवा हात, टपाला परवा. पूजा त्यानंतर चार दिवसांनी आहे, म्हणजे वेळ पुरेसा आहे. बंपर हवेवरच सुकवला होता असं रंगवणाऱ्याने सांगितलं, त्यामुळे तो ९० दिवस तसाच ठेवतो. एकच शेवटचं: पुढच्या काचेवर थोडं सीलंट उडालंय, राहू दिलं तर चालेल का?

पाना_बारा
राहू देऊ नका. त्यातल्या सिलिकोनवर वायपर कडकड करतो आणि पावसात रात्री समोरच्या दिव्यांचे पट्टे दिसतात. काचेला आयपीएचं तेच मिश्रण चालतं. फडक्यावर घेऊन पुसा, काचेवर फवारू नका, कारण थेंब बॉनेटवर पडतात. वायपरची रबरंही त्याच फडक्याने एकदा पुसून घ्या. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरं राहिलं असेल तर ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात घालून मऊ टूथब्रशने काढा. हेही उद्याच्या हाताआधी उरका, म्हणजे नंतर पत्र्याजवळ पाणी न्यायला नको.